टीव्हीमागची वायर

त्या वर्षी कापसाचा भाव काही वर सरकेना, म्हणून आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सगळा कापूस बैठकीच्या खोलीत भरून ठेवला. ढीग पार खिडकीच्या वर गेला. कोपऱ्यातला जुना रंगीत टीव्ही तेवढा त्यातून डोकावत राहिला. लाकडी पेटीचा, सरकत्या दाराचा. आमच्या बोरी अरब गावात पहिल्यांदा रंग दाखवले ते ह्यानंच, असं मी कोणी न विचारता सगळ्यांना सांगत असे.

रविवारी संध्याकाळी जुने कार्यक्रम पुन्हा लागायचे. एक गाणं, एक नक्कल, मध्येच जादूगार, मग पुन्हा गाणं. पूर्वी आमच्याकडे दारापर्यंत माणसं बसायची. आता घरोघरी टीव्ही. त्यात साठवलेल्या कापसात बसलं की अंगाला खाज सुटते. कोण येणार? बायको मुलीच्या शिक्षणापायी यवतमाळला खोली करून राहिलेली. मी कापसात खळगा करून एकटाच बसायचो. नकलाकार विनोद करायचा, मी मोठ्यानं हसायचो आणि आपलंच हसू ऐकून गप्प व्हायचो. कापूस आवाजही पिऊन टाकतो, हे तेव्हा कळलं.

मग मी एक शक्कल काढली. टीव्हीमागची अँटेनाची वायर सोडवायची आणि दारव्ह्याच्या मेकॅनिक चाचांना फोन करायचा. चाचा मोपेडवर येत, ढिगावरून रांगत मागं पोहोचत, वायर जोडत, आणि चित्र टिकतं का ते पाहायच्या निमित्तानं अर्धा कार्यक्रम माझ्याशेजारी बसत. जादूगारानं रुमालातून कबूतर काढलं की म्हणत, "अरे, आस्तीनमध्येच होतं ते." दर वेळी. त्यांच्या बसण्यानं माझ्याशेजारी दुसरा खळगा पडला.

चौथ्या रविवारी ते टीव्हीमागूनच ओरडले, "भाऊ, वायर निघाली, मानलं. उंदरानं ओढली असंन. पण स्क्रू काहून गायब?"

मी शर्टाच्या खिशातून स्क्रू काढून दिला. दुसरं काय करणार?

चाचा बराच वेळ मागंच काहीतरी करत राहिले. बाहेर आले ते मान खाजवत. "पुढच्या रविवारी फोन करू नको," एवढंच म्हणाले आणि चहाही न घेता गेले.

तो आठवडा फार लांबला. रविवारी पहिलं गाणं संपलं, नक्कल संपली, शेजारचा खळगा तसाच. न राहवून मी टीव्हीमागं रांगत गेलो. पाहतो तर वायरीवर काळ्या टेपचे वेढेच वेढे. स्क्रू दिसतसुद्धा नव्हता. मी नखानं टेपचं टोक शोधू लागलो.

"हात काढ तिथून," दारातून आवाज आला. चाचा. अवजारांची पिशवी नाही, काही नाही. "जादूवाला होऊन गेला का?"

"यायचाच आहे," मी टीव्हीमागूनच म्हणालो. तोंडाला सगळा कापूस लागला होता, म्हणून बाहेर यायला जरा वेळ लागला.