दांड्यावरचा हात

मुलांनो, तुमच्या बाबांच्या तपासणीत महाधमनी थोडी रुंद दिसली आणि फोनवर तुम्हा दोघांचे आवाज एवढेसे झाले. म्हणून मी, तुमची आजी, आजच लिहायला बसले. आपल्या घराला हे नवं नाही. तुमच्या आजोबांचीही तशीच होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आजोबा महाडहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला ट्रक नेत. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगली आहे, पण ऑपरेशनची वेळ आलेली नाही. रक्तदाब वाढू द्यायचा नाही, श्वास कोंडून जड उचलायचं नाही, दर वर्षी माप घ्यायचं. छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखं दुखलं तर तडक हॉस्पिटल गाठायचं.

परतताना आम्ही वीर स्टेशनावर उतरलो. रिक्षात बसताना ते म्हणाले, "टायरला फुगा आलाय, एवढंच. माल कमी, वेग कमी, नजर टायरवर. स्टेपनी लागेल तेव्हा बघू."

बिडी त्या दिवसापासून सुटली. ट्रक दुसऱ्याच्या हाती दिला. गोळी कधी चुकली नाही, आणि मिठाच्या बरणीकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मला त्यांचं नवल वाटे.

मग शिमगा आला. पोलादपूरच्या वर डोंगरावरच्या आपल्या वाडीत देवीची पालखी उठते, ती पहिल्यांदा आपल्या घरच्या खांद्यावर. आजोबांनी निरोप धाडला, यंदा खांदा देणार नाही. मानकरी खांदा नाकारतो म्हणजे रुसला, असाच तिथे अर्थ. संध्याकाळी गावकरी नारळ घेऊन समजूत काढायला हजर!

"अण्णा, राग सोडा. कोण काय बोलला, सांगा. आत्ता पाया पडायला लावतो."

"कोणी बोललं नाय रे." आजोबांनी टायरचं सांगितलं.

एक म्हातारा हटेना. "देवीला उचलताना काय होत नाय. ती बघल."

"तिनंच तर आतला फोटो काढून दाखवला. आता मी नाय बघितलं, तर ती म्हणेल, आंधळा हाय."

सगळे हसले, पण पेच सुटला नाही. आपल्या घराशिवाय पालखी उठणार कशी? आजोबा स्वतःच म्हणाले, "खांदा चुलतभावाचा, हात माझा. भार त्याचा."

पालखी ठेवतात त्या सहाणेवर त्यांनी पालखीच्या दांड्यावर तळवा ठेवला, चुलत दिरांनी खांदा दिला आणि ढोल वाजला. पालखी नाचली तेव्हा आजोबा टाळ्या वाजवत होते. मी मात्र त्यांच्या छातीकडेच बघत होते.

पुढे बरीच वर्षं ते दर वर्षी माप घेऊन आले. फुगा फार वाढला नाही. ते गेले ते म्हातारपणाने, झोपेत.

तुमच्या बाबांनी गोळी सुरू केली आहे. आणि शिमग्याला अजूनही आपल्या घरचा हात दांड्यावर पडल्यावरच पालखी उठते.