माझ्या खांद्यावरून पाहणारी रत्ना

रत्ना गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर रागावलेलीच होते. शनिवारची सकाळ, गॅसवर चहा ठेवलेला, आणि पलीकडून तिची मुलगी कृपा म्हणाली, "मोठी आई, मम्मी गेली." मी गॅस बंद केला, खुर्चीत बसले आणि रडायच्या आधी मनातल्या मनात रत्नाशी भांडून घेतलं. कारण चारच दिवसांपूर्वी तिने मला एक वाक्य ऐकवलं होतं आणि मी काही बोलायच्या आत ती कुशीवर वळून झोपली होती. माझं उत्तर मी तयार ठेवलं होतं. रविवारची उपासना आटोपली की होटगीला तिच्या घरी जायचं आणि तिला चांगलं सुनवायचं, असं ठरवलं होतं… तेवढीही फुरसत तिने मला दिली नाही. तिला जाऊन आता सहा आठवडे झाले. राग उतरलाय असं म्हणवत नाही, पण लिहायला बसण्याइतका नक्की निवलाय.

रत्ना माझी धाकटी जाऊ. मी चर्चच्या पाळकाची मुलगी, ती मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातली, सातवी शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, हिला पवित्र शास्त्रातले चार शब्द शिकवावे लागणार. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, तितकीच वर्षं मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, मुलांना रविवारी शिकवलं, महिला मंडळाची चिटणीस होते. वचनं मला तोंडपाठ, प्रार्थना तर अशी बांधेसूद की पाळकसाहेबही मान डोलवायचे. आणि ही प्रार्थना करायची ती अशी, जणू देव स्वयंपाकघरात पाटावर बसलाय आणि हिने भाकरी थापता थापता त्याला हाक मारली. "बाबा, हितं ये जरा. ही बाई लई दमलीय." बस, संपली प्रार्थना. सुरुवातीला मी हसायचे. मग लक्षात आलं की मंडळीतल्या आजारी बायका मला नाही, तिला बोलवायला लागल्यात. मला बोलवायच्या त्या वर्धापनदिनाला. त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं.

घरात माझी ओळख मात्र वेगळ्याच कारणाने होती. मला दार लावायची सवय नाही. बाहेरून आले की तशीच आत शिरते, मागे दार उघडंच. आमच्या माहेरी दाराला कडी असायची ती फक्त रात्रीपुरती. दिवसभर वडिलांकडे कोणी ना कोणी रडत, कुरकुरत यायचं, त्यामुळे दार लावायचं असतं हेच आम्हा भावंडांना ठाऊक नव्हतं. सासूबाई माझ्यावर करवादायच्या, "पाळकाच्या घराला दारं नव्हती का गं?" आणि रत्ना मुकाट्याने उठून माझ्यामागे दार लावून यायची. जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊन आम्ही वेगळे झालो, तेव्हा ती म्हणाली होती की आता तिथं तुमच्यामागे दार कोण लावणार, याचीच तिला काळजी वाटते.

बारा वर्षांपूर्वी तिचा नवरा, म्हणजे माझा दीर विजय, काविळीने आजारी पडला. होटगीला रेल्वेत होता, रुळांच्या कामावर. धडधाकट माणूस. आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग सोलापुरातल्या दवाखान्यात सतरा दिवस. रोज दुपारी डबा घेऊन मी जायचे. सतरा दिवस, एकही खाडा नाही, हे मी मुद्दाम लिहितेय. सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी आता आशा धरू नका म्हणून सांगितलं होतं. विजयला एका लहान खोलीत हलवलं होतं. मी आत गेले, डबा खाली ठेवला, रत्नाच्या शेजारी बाकावर बसले. अशा वेळी प्रार्थना करायची असते, आणि ती मीच करायची असते, हे आमच्या दोघींनाही माहीत होतं. मी डोळे मिटले… आणि एक शब्द सुचला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. शेवटी तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसून राहिले. अर्ध्या तासाने वर पाहिलं तर ती माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे पाहत होती. चेहरा शांत. मला वाटलं, नर्सची वाट पाहतेय. मला थोडा अपमानच वाटला. मी उठले, येते म्हणाले आणि जिन्यावर येऊन स्वतःच्या मुकेपणाची लाज वाटून रडले. दुसऱ्या दिवशी विजय गेला.

आमच्या मंडळीत कापणीचा सण असतो. ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं ते तो वेदीसमोर आणून ठेवतो… ज्वारी, भोपळे, अंडी, एखादी कोंबडीही पाय बांधून. ज्याला विशेष आभार मानायचे असतील तो आपल्या अर्पणाला चिठ्ठी लावतो आणि पाळकसाहेब ती सगळ्यांसमोर वाचतात. परीक्षेत पास झाला, पाय बरा झाला, नातू झाला, अशा चिठ्ठ्या. ज्यांना लिहायला जड जातं त्यांच्या चिठ्ठ्या मी लिहून द्यायचे. विजय जाऊन दोन महिने झाले होते. रत्ना माहेरची ज्वारी घेऊन आली, पांढऱ्या कापडात बांधलेली, आणि मला म्हणाली, "अक्का, लिवा. दवाखान्यात प्रभू माज्याजवळ यून बसला, म्हणून आभार."

माझा हात थांबला. नवरा गेलेली बाई आभार कसले मानतेय, हे एक. आणि दुसरं, जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, ते हे की मला आतून पेटल्यासारखं झालं. सतरा दिवस डबा मी नेला आणि जवळ येऊन बसला कोण, तर प्रभू? आणि खरंच आला असेल, तर मग हिच्याकडे? पन्नास वर्षं मी त्याचं नाव घेतेय. त्याच्या घरची सतरंजी झटकलीय, फुलं लावलीत, त्याच्या पोरांना गाणी शिकवलीत. मला एकदा, एकदाच, जवळ बसल्याचं कळू द्यायला त्याचं काय जात होतं? मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘दुःखाच्या काळात प्रभूने सांभाळ केला म्हणून.’ तसं चुकीचं काही नव्हतं. असं तर सगळेच लिहितात. तिची भेट मी सगळ्यांच्या सांभाळात मिसळून टाकली, इतकंच. आणि ते मी ठरवून केलं.

पाळकसाहेबांनी चिठ्ठी वाचली. मागच्या बाकावरून रत्ना उठून उभी राहिली. उपासना चालू असताना असं कोणी उठत नाही. "सायेब, तसं न्हाय ते," ती म्हणाली. "त्यो आला हुता. बसला हुता." आणि पदर सावरून खाली बसली. चिठ्ठ्या कोण लिहून देतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी मान खाली घालून गाण्याच्या पुस्तकाचं पान उगाच चाळत राहिले. तिने त्याबद्दल मला कधीच विचारलं नाही, ना त्या दिवशी, ना पुढे बारा वर्षांत. विचारलं असतं तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तिने तीही सोय ठेवली नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्यावर तीच वेळ आली. हे जेवणाच्या ताटावरून उठले, छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्याच्या वाटेवरच गेले. माणसं आली, गेली. मी मात्र एका वेगळ्याच गोष्टीची वाट पाहत होते, हे आज कबूल करते. मला वाटत होतं, आता येईल. रत्नाकडे आला होता, माझंही दुःख तेवढंच आहे, आता माझ्याकडे येईलच. पुढ्यात शास्त्र उघडून मी भिंतीकडे तोंड करून बसायचे, म्हणजे मन विचलित व्हायला नको. रत्नाला रेल्वेने विजयच्या जागी कामावर घेतलं होतं. तिने रजा टाकली आणि होटगीहून रोज येत राहिली. भाकरी करायची, माझ्या केसांना तेल लावायची, जाताना दार लावून घ्यायची. एकदा तेल लावताना मी विचारलं की तो आला म्हणजे नेमका कसा आला, काही दिसलं का, ऐकू आलं का. ती म्हणाली, आला की निस्ता. मला वाटलं, मुद्दाम हातचं राखून बोलतेय. नऊ दिवस मी वाट पाहिली. त्या नऊ दिवसांत रत्नाशिवाय माझ्याजवळ येऊन कोणीही बसलं नाही.

गेल्या वर्षी तिचं पोटाचं दुखणं निघालं आणि उशिरा निघालं. शेवटच्या मंगळवारी मी होटगीला तिच्या दोन खोल्यांच्या घरी गेले. ती खाटेवर होती, इतकीशी झालेली. मला वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच नाही. मी सगळं बोलून टाकलं. ती चिठ्ठी मी जाणूनबुजून बदलली होती, हेही सांगितलं.

"म्हाईत हाय की," ती म्हणाली.

"मग आता तू खरं सांग. त्या दुपारी मी तिथेच होते. अर्धा तास बसले होते. दुसरं कोणी आलं नव्हतं, रत्ना."

ती हळूच हसली. "तुमी आलात की. आन तुमच्या मागनं त्यो आला. तुमी दार कवा लावता व्हय?"

"मग मला का नाही दिसला?"

"तुमी वळून बगितलंच न्हाय की, अक्का," ती म्हणाली आणि कुशीवर वळून झोपली.

ते हे वाक्य. मी चार दिवस धुमसत होते. म्हणजे मी कोण, रिक्षावाली? पाहुण्याला दारापर्यंत आणायचं आणि आतला चहा दुसऱ्यांनी त्याच्यासोबत प्यायचा? हेच तिला सुनवायचं होतं. ते राहून गेलं. दफनाच्या वेळी सगळे तिच्या विश्वासाबद्दल बोलले. मलाही बोलायला सांगितलं, माझी चिठ्ठी तयार होती. मी ती पर्समधून काढलीच नाही. तिच्याबद्दल पुन्हा काही लिहून वाचायची मला भीती वाटली.

परवा डबा घेऊन मी कृपाकडे गेले. तिने कैक वर्षांत उपासनेला पाय ठेवलेला नाही. देव असता तर आईबाप दोघेही असे गेले नसते, असं ती माझ्या तोंडावर म्हणते. रत्नाच्या खाटेवर ती एकटीच बसली होती. चादर अजून तीच. मी डबा ठेवला, शेजारी बसले, तिचा हात हातात घेतला. कधी नव्हे ती मी प्रार्थनेची जुळवाजुळवही केली नाही. बराच वेळ ती रडली. मग थांबली. मी वर पाहिलं… आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती. तिकडे दार होतं, मी आल्यापासून उघडंच राहिलेलं. हा चेहरा मी एकदा पाहिला होता.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही, मोठी आई. बसा अजून."

मान वळवायची इतकी ओढ मला आयुष्यात कशाची वाटली नव्हती. पण दार माझ्या अगदी पाठीमागे होतं, वळून बघायचं तर तिचा हात सोडावा लागला असता, आणि तिने तो घट्ट धरला होता. मी नाही वळले. नुसती तिच्या तोंडाकडे पाहत बसले आणि मला हेवा वाटला… बारा वर्षं आईचा वाटत होता, आता लेकीचाही.