मोटारीतलं जास्तीचं लोखंड

आमची मोटार मूळची मोमिनाबादच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाची. मोमिनाबाद म्हणजे आमचं आंबं गाव. छावणी मोडीत निघाली तेव्हा साहेब ती विकून गेला आणि हातोहात फिरत ती माझ्याकडे आली. वडिलांचं घाटनांदूरला किराणा दुकान होतं. तागडीपुढे बसणं मला कधी जमलं नाही. हैदराबादेत एका कारखान्यात राहून मी मोटार चालवायला आणि खोलायला शिकलो होतो. आगगाडीतून उतरलेली माणसं घाटनांदूरच्या टेशनावरून आंब्याला पोचवायची, असा माझा धंदा होता.

धंदा कसला, फजिती होती. चढ लागला की पुढच्या बंबातलं, म्हणजे रेडिएटरातलं पाणी उकळायचं, मोटार फुरफुरून बंद पडायची आणि माणसं खाली उतरून हसत चालू लागायची. एकदा एक म्हातारा मला म्हणाला, "लेका, माझी म्हैस बरी. ती निदान दूध देती." सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येऊन मी पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकून मारला.

पावसाळ्यात काळ्या रानातला रस्ता बंद असे. त्या दिवसांत मी बॉनेट उघडून बसलो आणि आत बघून माझं डोकं आणखीच फिरलं. ज्याच्या ज्याच्या हातात ही मोटार गेली, त्यानं आत काहीतरी बसवून ठेवलं होतं. काढलं मात्र कुणीच काही नव्हतं. तुटक्या तारांचं जाळं होतं, कशालाच न धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या होत्या, एका नळीचं टोक तर कुठेच जात नव्हतं.

इंजिन चालू ठेवून मी आत बघत होतो आणि माझी बायको कंदील पुसत शेजारी बसली होती. तिनं बोट दाखवलं.

"आवं, ह्ये कावून हाय?"

"डायनामो. वीज करायचा. जळलाय कधीचाच."

"मग फिरतोय कावून?"

मी वाकून नीट पाहिलं. जळलेला डायनामो पट्ट्यावर गरगर फिरत होता आणि इंजिनाची ताकद खात होता. मी तो काढला. मग ती एकेका वस्तूवर बोट ठेवू लागली. मला कारण सांगता आलं की वस्तू राहायची, नाही आलं की पोत्यात जायची. पुढच्या जाळीमागे पत्र्याची झडपं होती. थंडीत इंजिन गार पडू नये म्हणून साहेबाच्या मुलखात ती लावत असावेत. आमच्या बीड जिल्ह्यात इंजिन गार पडतंय होय! शिवाय इंजिनाच्या धुराड्याला वेढून एक जाड नळी होती. ती इंजिनाला गरम हवा पाजायची आणि तिच्या धगीनं पेट्रोल वाटेतच उकळायचं. झडपं काढली, नळी काढली. बायकोनं राहिलेलं इंजिन घासलेट लावून पुसलं. आत पहिल्यांदाच हात घालायला जागा झाली.

रस्ता उघडला तशी मोटार निघाली, ती एका दमात चढ चढून गेली. पाणी उकळलं नाही. म्हशीवाला म्हातारा आता पुढच्या जागेसाठी भांडू लागला. मला वाटलं, आता दिवस पालटले.

दिवस पालटले, पण आमच्या ठाण्याच्या अमिनासाठी. अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार. माझी मोटार उकळत होती तोवर तिच्याकडे बघून तो थुंकायचा. ती नीट चालू लागली हे त्याच्या कानावर गेलं आणि त्यानं जवान धाडला. "साहेबांनी मोटार बोलावली." दौऱ्याला, शिकारीला, सासरवाडीला, कशालाही. पेट्रोल माझं, टायर माझे, दिवस माझा. सुतारानं खाट द्यायची, कोमटी वाण्यानं तूप द्यायचं, चांभारानं जोडे द्यायचे, तशी मी मोटार द्यायची. या प्रकाराला वेठ म्हणत आणि वेठीला नाही म्हणायची सोय नव्हती.

बायकोला कपिलधारला जायचं होतं. आम्ही महादेवाला मानणारी माणसं, कपिलधारला जाणं आमच्याकडे मोठं. तिनं कधी मागितलं नव्हतं, पण इंजिन पुसताना एकदा म्हणाली, "ही धड चालली तर मला कपिलधारला न्या." मी एक दिवस ठरवला. सकाळी ती न्हाऊन, इरकली लुगडं नेसून, धपाट्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन पुढच्या जागेवर बसली. मी हँडल मारलं, इंजिन लागलं, आणि अमीन दोन जवान आणि शिकारी कुत्रं घेऊन समोर उभा.

"क्यों बे, सकाळीच तयार? चांगलं हाय."

मी हात जोडले. "साहेब, आज देवाला निघालोय. उद्या म्हणाल तिकडं येतो."

"देव कुठं पळून जातोय?" तो म्हणाला. मग बायकोकडे न बघता जवानाला म्हणाला, "बाईला उतरव."

ती स्वतःच उतरली. जवानाचा हात लागायच्या आत उतरली. तिच्या जागेवर अमीन बसला आणि त्याच्या पायाशी कुत्रं. कुत्र्यानं तिच्या हातातल्या गाठोड्याला नाक लावलं, तशी तिनं ते छातीशी धरलं. मी दिवसभर गाडी हाकली. काय बोललो, काय पाहिलं, काही आठवत नाही. दातावर दात दाबून धरल्यानं रात्री जबडा दुखत होता, एवढं आठवतं.

घरी आलो तर ती तेच लुगडं नेसून चुलीपुढे बसली होती.

"त्ये पोतं फेकलं का?"

"कोणतं?"

"लोखंडाचं. आपन काढलेलं."

"न्हाई. हाय मागं."

"मग घाला की परत समदं. बसू द्या त्याला उकळत."

मला हसू आलं. त्यात आनंद काही नव्हता. मी झडपं बसवून अर्धी मिटली, गरम हवेची नळी जोडली, जळका डायनामो पट्ट्यावर चढवला. चांगलं केलेलं काम हातानं बिघडवताना इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं. एकेक बोल्ट आवळताना मी अमिनाला शिव्या घालत होतो.

पुढच्या दौऱ्याला तो केजच्या पलीकडच्या नांदूरघाटला निघाला; आमचं घाटनांदूर वेगळं. केज मागे पडलं, ऊन चढलं आणि मोटारीनं पूर्वीसारखा फुत्कार टाकला. अमीन उतरला, घाम पुसत शिव्या देऊ लागला. मी मान खाली घालून म्हणालो, "जुनी गाडी हाय, साहेब. आता न्हाई चालत." आतून मात्र माझं काळीज समाधानानं गार झालं होतं.

तेवढ्यात मागून कडब्यानं भरलेली बैलगाडी आली. अमिनानं ती थांबवली. "कडबा खाली टाक. नांदूरघाटला चल."

गाडीवान गयावया करू लागला. "सरकार, घरी बैलाला काडी न्हाई. ह्यो उसना आणलाय. लई लांब हाय नांदूरघाट."

जवानांनी पेंढ्या ओढून रस्त्यावर फेकायला सुरुवात केली. तो एक पेंढी उचलून परत चढवायचा, जवान दोन खाली टाकायचा. अमिनानं हातातली छडी त्याच्या पाठीवर ओढली. तो ओरडलासुद्धा नाही, नुसता वाकला.

माझ्या अंगाची आग झाली. मी बॉनेट उघडलं. नळी तापून लाल व्हायची बाकी होती. फडकं गुंडाळून ती उपटली, तरी तळवा भाजला. नळी अमिनाच्या पायापुढे टाकली. झडपं ओढून काढली, तीही टाकली. डायनामोचा पट्टा कापला.

"ह्ये काढलं की मोटार चालती, साहेब. मीच घातलं होतं. त्याला सोडा."

अमिनाला समजायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा पालटला. गाडीवान खाली पडलेल्या पेंढ्या तशाच टाकून बैल वळवून पळाला. मी बंबात पाणी ओतलं, इंजिन निवलं तसं हँडल मारलं आणि अमिनाला नांदूरघाटला नेलं. सारी वाट तो छडी मांडीवर आपटत बसला. चावडीपुढे उतरला आणि जवानांना म्हणाला, "आता ह्याला बघा." माझा उजवा हात तिथे मोडला. गावच्या पाटलानं मध्ये पडून मला सोडवलं नसतं तर आणखी काय मोडलं असतं कोण जाणे.

त्यानंतर अमीन माझ्या मोटारीत कधी बसला नाही. रानात कुठे अडकवीन, याची त्याला धास्ती बसली असावी. त्यानं दुसऱ्या मोटारवाल्याला धरलं, म्हणजे वेठ नुसती शेजारच्या दारात गेली.

हात बरा झाल्यावर बायकोबरोबर केजच्या बाजारात गेलो होतो. तो गाडीवान दिसला. मी हाक मारली. त्यानं ओळखलं, पण चेहरा हलला नाही.

"माझा कडबा गेला," तो म्हणाला. "परत जाऊस्तर लोकांनी उचलून न्हेला."

"तुला सोडवलं की मी."

"सोडवलं. पर धरवलं बी तुमीच. तुमची मोटार बंद पडली म्हणून मी घावलो."

मी तडकलो. मोडलेला हात त्याच्यापुढे धरला. तोही सदरा वर करून पाठ दाखवू लागला. भर बाजारात आम्ही एकमेकांवर ओरडत होतो आणि माणसं गोळा होत होती. शेवटी बायको मध्ये उभी राहिली.

"ज्यानं मारलं त्यो तिकडं खुशाल जेवत आसंल," ती म्हणाली. "आन् तुमी दोघं हितं भांडताय."

मी हात खाली घेतला, त्यानं सदरा खाली सोडला. त्या दिवशी त्याला कडबा घ्यायचाच होता. आम्ही मागची सीट काढून पेंढ्या मोटारीत भरल्या आणि त्याच्या गावाला पोचवल्या. उतरताना तो "घरात या" म्हणाला नाही आणि मलाही ते लागलं नाही. माझा राग त्याच्यावर उरला नव्हता. अमिनावरचा मात्र आज म्हातारपणीही तेवढाच आहे. तो मोठ्या हुद्द्यावर जाऊन मानानं घरी बसला, असं नंतर कळलं. हवा गार झाली की माझं मनगट ठणकतं, तेव्हा मी मोठ्यानं शिवी देतो. नातवंडांना वाटतं, आजोबा थंडीला शिव्या देतात.