बॅट टेकवणारे यासीनमामू

सौदीतल्या अल-खोबरच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना मामींचा फोन आला. "तुझे मामू गेले रे…" मी विचारलं, "कुठे?" एवढ्या अकलेवर मी एचआर मॅनेजर आहे. मामूंना जाऊन आता महिना होऊन गेला.

यासीनमामू रत्नागिरीकडचे, गावच्या क्रिकेटचे राजे. इथे एसी दुरुस्त करायचे. एका कंपनीने पगारी बेसबॉल संघ काढला, तेव्हा हातची नोकरी सोडून ते चाचणीला उतरले. बॅट फिरवायचा पगार मिळतो, हे आमच्यात तोवर कोणी ऐकलंसुद्धा नव्हतं. मामी नुकत्याच फॅमिली व्हिसावर आलेल्या. संघात घेतलं नाही तर खलास, दोघांनाही परतीचं विमान. खेळाशी माझा संबंध टीव्हीसमोरच्या सोफ्याइतकाच. तरी मामूंना नियम समजावायला मीच गेलो होतो, मोबाइलवर वाचून.

चाचणीच्या सामन्यात मामूंनी पहिलाच चेंडू पार कुंपणापर्यंत हाणला आणि धावले… बॅट हातात घेऊन! दुसऱ्या बेसपाशी चेंडू परत येताना दिसला, तसे सवयीने वाकले, लांबूनच बॅट बेसवर टेकवली आणि आमच्याकडे बघून ऐटीत हात हलवला. क्रिकेटात हे नाबाद. बेसबॉलात बॅट चालत नाही, स्वतःचा पाय नाहीतर हात बेसला लागावा लागतो. आउट! फिलिपिनो कोचने डोकं धरलं.

"चाचा, बल्ला वहीं फेंकना था!" संघातला एक पाकिस्तानी ओरडला.

"बॅट फेकली असती तर बापाने घरात घेतला नसता," मामू धूळ झटकत पुटपुटले.

माझ्या शेजारी मामी म्हणाल्या, "बॅग अजून उघडली नाही, तेच बरं झालं." हसत म्हणाल्या, पण ओढणीचं टोक पार पिळून काढलं होतं.

मग मामू फील्डिंगला उभे राहिले. ग्लोव्ह डाव्या हातात, आणि चेंडू उजवीकडून डोक्यावरून निघालेला. मामू पाठमोरे धावले, झेपावले, आणि तो दगडासारखा चेंडू उघड्या उजव्या पंजात जाऊन बसला. कोच चालत आला, बाजारात पापलेट पाहतात तसा त्यांचा पंजा उलटसुलट करून पाहिला.

"हँड ओके?"

"ओके सर. कोकण!"

मामूंना घेतलं. पुढे कित्येक वर्षं ते खेळले. असे झेल मी पुष्कळ पाहिले, पण दर वेळी माझं तोंड उघडंच राहायचं. एकदा तर हातातला समोसा सुटला, तोही मला झेलता आला नाही.

मामूंच्या इकाम्यावरच, म्हणजे राहण्याच्या परवान्यावरच, मामींचं इथलं राहणं होतं. आता त्या गावी निघाल्यात. परवा सामान बांधायला गेलो, तर इमारतीचं दार बंद. मामी तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत आल्या आणि मामूंना झेलायला फेकायच्या तशीच किल्ली खाली फेकली. माझ्याकडे नाही… पार उजवीकडे, लांब, पळायला लावणारी. मी धावलो. किल्ली कोणाच्या तरी गाडीच्या टपावर आपटली. वरून मामींचं हसणं ऐकू आलं. मग ते थांबलं, आणि त्या ओढणीचं टोक पिळू लागल्या.