ताऱ्याची सवत

मी वेधशाळेत घुमटाची मोटार सांभाळतो. मला तारे कळत नाहीत, माणसं कळतात. आमचे मोठे साहेब म्हणजे आतल्या गाठीचा माणूस. इथे तारे बघणाऱ्या आमच्या ताईंना ते तोंडावर 'ग्रहणबाई' म्हणायचे आणि बाकीचे फिदीफिदी हसायचे.

ताईंनी लग्न केलं नाही. तरुणपणापासून आकाशातल्या एकाच जोडीच्या मागे लागल्या. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. एक मेलेला, एवढासा, पण भयंकर वजनदार. तो जोडीदाराच्या अंगावरचा वायू ओढतो, आणि तो वायू त्याच्याभोवती गरगरत तापून लखलखतो. जोडीदार आडवा आला की उजेड झपकन कमी होतो, ते ग्रहण. ते कधी लागतं हे ताई टिपायच्या.

"म्हणजे मेलेला नवरा जित्या बायकोला खातोय," मी म्हणालो.

"बऱ्याच घरांत खातो," ताई म्हणाल्या.

मध्यंतरी त्यांची आई गेली. सुट्टीवरून परतल्या, तर ग्रहण वर्षातले सहा महिने काही मिनिटं लवकर लागायला लागलं, उरलेले सहा महिने काही मिनिटं उशिरा. ताई हरखल्या. तिसरं कोणीतरी या जोडीला हलवतंय म्हणे.

"सवत आली म्हणा की," मी म्हणालो. ताई खळखळून हसल्या, आणि सगळ्यांपुढे तिला सवतच म्हणू लागल्या.

दुर्बिणीच्या रात्री कोणाला द्यायच्या ते समिती ठरवणार होती. साहेबांना त्या रात्री आपल्या जावयासाठी हव्या होत्या, तोही इथेच तारे बघायचा. तिसरा तारा सिद्ध झाला तरच ताईंचा तारा ताईंकडे राहणार होता.

समितीपुढे ताई बोलल्या तेव्हा मी पडद्याची वायर धरून उभा होतो. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सवतीचा फेरा किती दिवसांचा?"

"साधारण वर्षाचा."

"वर्षाचा फेरा आणखी कोणाचा असतो हो?"

ताईंचा चेहरा उतरला. पृथ्वी कधी ताऱ्याच्या जवळ, कधी लांब असते, म्हणून प्रकाश मागेपुढे पोचतो. तेवढी मिनिटं वेळेत धरावी लागतात. ताई ते हातानं करायच्या. त्या सुट्टीवर असताना जावयानं ते कॉम्प्युटरवर टाकलं, आणि ताईंना कोणी सांगितलंच नाही. एकच दुरुस्ती दोनदा झाली. वर्ष म्हटल्यावर शंका यायला हवी होती, पण आईनंतर पहिलंच सुख दारात आलेलं, ते कोण तपासून घेतं?

"अभिनंदन," साहेब म्हणाले, "तुम्ही पृथ्वी शोधलीत." समिती पोट धरून हसली.

बाहेर ताईंनी एवढंच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिला आलेख दाखवलात तेव्हाच." साहेब चष्मा पुसत होते. "म्हटलं, बाई एवढी खूश आहे, कशाला विरजण घाला."

मेल्याच्या कानाखाली काढावीशी वाटली. काढली नाही, नोकरी आहे.

दुर्बिणीच्या रात्री जावयाला मिळाल्या. ताईंना माझ्या हाताखाली घातलं. आता संध्याकाळी घुमट त्याच उघडतात. कॉम्प्युटर सगळं दाखवतो, तरी जावई रोज हसून विचारतो, "ताई, तुमचा तारा कुठे उगवतो हो?"

ताई बोट दाखवतात. मग खाली येऊन माझ्याबरोबर मोटारीला ग्रीस लावतात.