गाळलेलं नाव

भूकंप झाला तेव्हा माझी मुलगी नऊ वर्षांची होती. आम्ही जपानात त्सुकुबाला राहायचो. रस्त्यावरच्या भोंग्यांतून सूचना सुरू झाल्या की ती खिडकीशी उभी राहून ऐकायची आणि आम्हाला मराठीत सांगायची. एकदा काहीतरी ऐकून ती गप्पच झाली, तेव्हा मी ओरडलो होतो, "ऐकलंस ते सगळं सांगायचं. एक शब्दही गाळायचा नाही!" त्यानंतर तिने कधी गाळला नाही. कचऱ्याच्या वेळापत्रकापासून डॉक्टरांच्या बोलण्यापर्यंत घरातलं सगळं जपानी तिच्याच तोंडून यायचं. मी ऑफिसापुरतं शिकलो आणि बाकीचं ओझं खुशाल तिच्या गळ्यात घातलं.

तिला दुभाषीच व्हायचं होतं. सोळाव्या वर्षी पहिली संधी आली. रानं वाचवण्याच्या मदतनिधीसाठी गाण्यांचा कार्यक्रम होता आणि एका पाहुण्या आजींच्या इंग्रजीचं तिला जपानी करायचं होतं. तिने फ्रिजवर पत्रक लावलं.

"झाडांचं काहीतरी आहे, बाबा. तू नाही आलास तरी चालेल."

मला रागच आला. लेक स्टेजवर आणि बाप घरी? पत्रक मात्र मी वाचलं नाही. वाचायचं काम तिचं.

मी टोकियोतल्या एका व्यापारी कंपनीत होतो. ऑस्ट्रेलियातून झाडांचे बारीक तुकडे जहाजाने यायचे, त्यांचा इथे कागद व्हायचा. त्या जहाजांची कागदपत्रं माझ्याकडे. कोटाच्या कॉलरवर कंपनीचा बिल्ला लावायची तिथे रीत आहे, आणि एकदा सवय झाली की तो लावलाय हे आपलं आपल्यालाही आठवत नाही. त्या शनिवारी ऑफिसातून थेट हॉलवर गेलो आणि हौसेने दुसऱ्या रांगेत बसलो.

आधी गाणी झाली. मग आजी उभ्या राहिल्या. त्या ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी होत्या. ज्या रानात त्यांच्या आईला पुरलं होतं ते तोडलं गेलं, जमीन कुणाची हे कुणी विचारलंसुद्धा नाही, असं त्या शांतपणे सांगत होत्या. मुलगी वाक्यामागून वाक्य जपानीत आणत होती. इतकं सुरेख, की मला भरून आलं. मग आजींनी लाकूड कुठून जहाजात चढतं ते सांगितलं. त्या बंदराचं नाव मी रोज लिहायचो.

"ते विकत घेणारी कंपनी इथलीच आहे," आजी म्हणाल्या. "नाव मला नीट म्हणता येत नाही. या मुलीच्या कागदावर लिहिलंय, ती सांगेल."

मुलीने कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या कॉलरकडे.

"एक कंपनी," ती जपानीत म्हणाली आणि पुढच्या वाक्यावर गेली.

मला उठून नाव सांगता आलं असतं. तेवढं जपानी मला नक्कीच येत होतं. मी मूग गिळून बसलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मीही वाजवल्या आणि त्या गडबडीत बिल्ला काढून खिशात टाकला. मला माझी लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं, हे लिहायलाच हवं.

कार्यक्रम संपल्यावर आजींनी तिचे दोन्ही हात धरले. "सगळं सांगितलंस ना, बाळ?"

मुलीने होकाराची मान हलवली. मी शेजारीच उभा होतो.

गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बाबा, मी गाळलं."

मी ओरडेन म्हणून ती वाट पाहत होती. मी ओरडलो नाही.

सोमवारी मी कोट चढवला आणि बिल्ला लावला. फ्रिजवरचं पत्रक तिने काढून टाकलं होतं. पुढे तिने कुणासाठीही भाषांतर केलं नाही, आमच्यासाठीसुद्धा नाही.