वसुधाताईंचं टेबल

वसुधाताई ऑफिसच्या टेबलावर स्वतःचं काहीही ठेवत नसत. फोटो नाही, कप नाही, खुर्चीवर शालसुद्धा नाही. रॉटरडॅमच्या बंदरातल्या आमच्या कंपनीत त्या पाण्याच्या तपासणीचं काम पाहायच्या. संध्याकाळी त्या ट्रामकडे निघाल्या की ते टेबल कुणाचंच नसल्यासारखं दिसे.

त्याआधी त्या अमेरिकेच्या एका सरकारी खात्यात होत्या. तिथल्या एका नदीत शिसं सापडलं होतं आणि काठच्या गावातली पोरं तेच पाणी पीत होती. ताईंचा अहवाल तयार होता, फक्त खातेप्रमुखाची सही बाकी होती. तेवढ्यात राष्ट्राध्यक्ष बदलले.

"मग त्यांनी अहवाल दाबला?" मी विचारलं.

"छे गं! इतकं उघड कोण करतं? अध्यक्षाने प्रमुखाची जागा भरलीच नाही. तात्पुरती माणसं बसवली. तात्पुरता माणूस कशावरही सही करत नाही, मीनल. मग भरती बंद. मग अख्खं ऑफिस देशाच्या दुसऱ्या टोकाला हलवलं. म्हणे, कारभार सुधारायला!"

यजमान डायलिसिसवर; ताई जाणार कशा? "मला कुणी काढलं नाही हं. राजीनामा माझा मीच दिला. निरोपाचा केक मात्र त्यांनी आणला."

यजमान गेल्यावर त्या इथे आल्या. इथे वाढदिवसाचा केक ज्याचा त्यानेच आणायचा असतो. मला ते अजून विचित्र वाटतं. ताईंना पसंत होतं. "बरं आहे, कुणाच्या मर्जीवर नको."

आमच्या ऑफिसातला अनिकेत एकदा म्हणाला, "ताई, अध्यक्ष काय, चार वर्षांनी जातो की!"

"जातो ना. जाणकार माणसं घालवून जातो."

पुढे तिथे दुसरे अध्यक्ष आले, प्रमुखाची जागा भरली गेली. नव्या प्रमुखाने फोन केला: परत या, अहवाल पुरा करू. दुसऱ्या दिवशी ताईंच्या टेबलावर त्या नदीचा फोटो होता.

पण इतक्या जुन्या अहवालावर सही करायची तर पाण्याचे नमुने पुन्हा तपासायला हवे होते, आणि ऑफिस हलवताना ते फेकून दिले होते. तपासणी जाणणारे सगळे पांगले होते. सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं, आणि ते होईतो पुन्हा निवडणूक आली, पुन्हा अध्यक्ष बदलले. तिकडचे फोन बंद झाले. फोटो ताईंच्या पिशवीत परत गेला.

गेल्या हिवाळ्यात ताई झोपेतच गेल्या. त्यांचं टेबल आवरायला मी गेले. आवरायला काही नव्हतंच.

"किती शिस्तीची बाई!" आमचा डच मॅनेजर कौतुकाने म्हणाला.

मी खुर्ची आत सरकवली आणि कामाला लागले.